काकूची घोरपड आणि कधीच न काढलेले तेल

काल काकूची चिता पेटण्यापूर्वी एका सद्गृहस्थाने मला बाजूला घेऊन विचारले, "काकूंकडचे घोरपडीचे तेल थोडे शिल्लक असेल का हो?"

त्यांचे नाव लिहीत नाही. ते या पोस्टखाली हात जोडलेली इमोजी टाकतील, याची मला खात्री आहे.

किळस आली. शब्द जपून वापरण्याची मला सवय आहे. याहून नेमका शब्द सापडत नाही.

म्हणून एकदाच आणि स्पष्टपणे लिहितो.

साठच्या दशकात तारापूरच्या किनाऱ्यावर वीजप्रकल्पाचे बांधकाम सुरू होते. माझे धाकटे काका तिथे टेम्पररी होते. आम्ही सांगलीकडचे, जवळच्या दांडी गावात जानकीमावशी नावाच्या कोळिणीच्या घरात दोन खोल्या घेऊन एकत्र राहत होतो. मी तेव्हा चौथीत होतो.

एका संध्याकाळी काका सिमेंटच्या गोणीतून घोरपड घेऊन आले. सुरुंगाने उडालेल्या दगडाखाली तिचा पुढचा पाय मोडला होता, आणि साइटवरची माणसे तिच्यासाठी चूल पेटवत होती.

काकूने बांबूची कामटी तासून त्या पायाला बांधली. सकाळी उन्हात, धुण्याच्या दगडावर तिला ठेवायची. दगड तापला की घोरपड हलू लागे, आणि मगच खाई.

माहेरी जी कधी अंड्याला शिवली नव्हती, ती काकू अंडे फोडून वाटीत ठेवायची. उंदीरही चिमट्याने धरून द्यायची. आई त्या वेळी तोंडाला पदर लावून बाहेर जायची.

कोपऱ्यात बसून डोळे वटारते आणि सारखी जीभ काढते, म्हणून काकूने तिचे नाव ठेवले 'वन्सं'. माझ्या आत्याने, म्हणजे खऱ्या वन्संनी, पुढे दोन दिवाळ्या आमच्याकडे पाऊल टाकले नाही.

मला ती घोरपड कधीही आवडली नाही, हेही नमूद करतो. तिचा वास, तिची विष्ठा, अंड्याचा बलक चाटणारी ती दुभंगलेली जीभ. मला सगळ्याची शिसारी येई.

पण शिसारी म्हणजे काय, ते मला सुपरवायझर घरी आले तेव्हा कळले.

काकांना कायम करायचे की नाही, हे त्यांच्या हातात होते. त्यांचे गुडघे दुखत. ते पोहे खात बसले, आणि मग उठून त्यांनी घोरपडीची शेपटी दोन बोटांत दाबून पाहिली. भाजीवाल्याकडे दोडका दाबून बघतात, तशी.

"चरबी छान धरलीय हो वहिनी. हिचे तेल अक्सीर. पण जिवंतच टाकावी लागते कढईत, तरच गुण येतो." आणि पोह्यांवर आणखी लिंबू पिळून घेतले.

जाताना काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या आठवड्यात नावे वर पाठवतोय. तेवढे तेलाचे बघा."

ते गेल्यावर काका काकूला म्हणाले,

"अगं, शेवटी जनावर आहे ते."

"नोकरी तुम्हाला लागायचीय," काकू म्हणाली. "मग कढईत ती का?"

पलीकडे मासळी निवडत बसलेली जानकीमावशी हे सगळे ऐकत होती.

"त्याला तेलच पायजे ना? आमी होडीला चोपडतो ते माशाचं तेल दे बाटली भरून. गुडघा पन लाकडाचाच हाय त्याचा."

"कळलं तर?"

"नाय कळत. घाण वास आला की मोठ्या मानसांना औषध वाटतं."

काकूने ते तेल हिंग घालून कढवले. दोन खोल्यांत श्वास घेणे अशक्य झाले. घोरपड त्या दिवशी जानकीमावशीच्या मासळीच्या टोपलीखाली लपवलेली होती.

सुपरवायझरांनी बूच काढले, डोळे मिटून हुंगले आणि म्हणाले, "अस्सल!"

काका कायम झाले. सुपरवायझरांचे गुडघे, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, पूर्ण बरे झाले. होडीचे तेल चोळून ते साइटभर हिंडत, आणि लोक आदराने नाक मुरडत.

इथवर तुम्ही हसला असाल. पण हे आणि पुढचे काकूने कोणालाच सांगितले नाही.

तेल दिले म्हणजे घोरपड मेली. मेलेली घोरपड अंगणातल्या दगडावर ऊन खात बसू शकत नाही. कोणी पाहिले असते, तर काकांची नोकरी गेली असती.

पाय सांधला होता. एका सकाळी काकू तिला त्याच गोणीत घालून एस.टी.ने निघाली. सोबत मी. पालघरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी, दगडांच्या राशीजवळ तिने गोणीचे तोंड सोडले.

घोरपड थोडी लंगडत दगडांत शिरली. मागे पाहिलेही नाही.

"वन्संच त्या," काकू म्हणाली. "निरोप घ्यायची पद्धत नाहीच."

परतीच्या एस.टी.त तिने ती रिकामी गोणी मांडीवर घडी करून घेतली होती आणि बोईसरपर्यंत ती उलगडून पुन्हा पुन्हा घडी घालत होती.

नंतर तिने काहीही पाळले नाही. मांजरसुद्धा नाही.

पण तेलाची कीर्ती पसरली. बोईसरहून, दातिवऱ्याहून, पार वैतरण्याहून शिकलेसवरलेले लोक दारात येत. घोरपड मारणे हा गुन्हा ठरल्यानंतरही येत, फक्त आवाज खाली करून. प्रत्येकाच्या डोळ्यांत ती कढई मला दिसे.

काकू प्रत्येकाला एकच शब्द सांगायची, "संपलं."

खरे सांगितले असते, तर काका खोटे ठरले असते. काका गेल्यावरही तिने तो शब्द पाळला.

आता दोघेही नाहीत. तेव्हा कालच्या सद्गृहस्थांसह सर्वांना कळावे: या घरात घोरपडीच्या तेलाचा एक थेंबही कधी निघाला नाही. तुम्ही ज्याच्या तेलासाठी हात पुढे करत होता, ते जनावर कढईत कधी पडलेच नाही. ते डोंगरात गेले. लंगडत, पण जिवंत.

काकू, इतकी वर्षे दारात उभी राहून 'संपलं' म्हणालीस. आता कोणी आले, तर दार मी उघडेन.

तू शांतपणे जा. माझा शेवटचा नमस्कार.