दार काढून नेलेलं घर

कारंज्याच्या कॉलेजात इतिहासाच्या सरांनी फळ्यावर उत्खननात सापडलेल्या एका रोमन घराचा आराखडा काढला होता. रस्त्यावरून आत जायला अरुंद बोळ, मग मोठं दालन. दालनाच्या छताला मधोमध उघडी जागा आणि तिच्या बरोबर खाली पावसाचं पाणी साठवायचा दगडी हौद. समोर मालकाची बैठक, रस्त्यावरच्या माणसाला दारातूनच मालक दिसावा अशी. मागे खांबांनी वेढलेली बाग. स्वयंपाकघर मात्र कोपऱ्यात, अंधारं. छप्पर आणि लाकूड केव्हाच गेलं होतं. उरल्या होत्या कमरेएवढ्या भिंती आणि फरशी. पण उंबऱ्याच्या दगडातल्या खाचांवरून विद्वानांनी दार कसं उघडत होतं ते सांगितलं होतं. राखेच्या थरावरून चूल ओळखली होती.

"सर, गुलाम कुठं झोपायचे?" मी विचारलं.

"जागा भेटन तिथं. चुलीपाशी, उंबऱ्यात. ते परीक्षेत येत नाही, बाई."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मोर्च्यात वाटलेली पत्रकं वाचतच मी मोठी झाले. कुणाचं घर घर मानलं जातं, हा प्रश्न मला परीक्षेत येणाऱ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठा वाटत होता.

त्याच हिवाळ्यात आमच्या तांड्यावर गावठाणाची मोजणी आली. आमचा तांडा मानोऱ्याच्या पुढे, पोहरादेवीच्या रस्त्याला. दिवाळीनंतर माझ्या आईबापासकट निम्मा तांडा ऊसतोडीला जातो आणि जाताना घराची टिनं, दार, चौकटसुद्धा ट्रॅक्टरवर घालून नेतो. उसाच्या फडावर राहायची कोपी त्याच सामानातून उभी होते. मागे नुसत्या मातीच्या भिंती. उन्हाळ्यात परतल्यावर तेच दार त्याच भिंतीत पुन्हा बसतं. याला आमच्यात कुणी घर मोडणं म्हणत नाही.

शेजारच्या काकीचा फोन आला. "तुमच्या घराले पडीक लिहून राह्यले. ये लवकर."

ज्याचं घर नोंदलं जाईल, त्यालाच जागेच्या मालकीचा कागद मिळणार होता. मी पहिली एसटी पकडली.

मोजणीचा माणूस आमच्या भिंतीला टेकून चहा पीत होता. मी त्याला आत नेलं. ही चूल, बघा, माती काळी आहे. इथं रांजण असतो, म्हणून हा गोल खळगा. इथं आईबाप झोपतात. हे चौकटीचे खड्डे, दार आत उघडतं. फळ्यावर जे शिकले होते, तेच मी आमच्या भिंतींवर लावत होते.

"छप्पर कुठाय?"

"फडावर."

"दार?"

"तेही फडावर."

"मंग घरच तिकडं हाय म्हना की. तिथल्याले सांगा मोजाले." त्याच्याबरोबरचे दोघं हसले.

"परदेशात एवढ्याच भिंती उरल्या तर त्याला घर म्हणतात, तिकीट लावून दाखवतात," मी म्हणाले.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "मॅडम, ते घर होतं म्हून दाखवतात. मले आत्ता हाय का, तेवढंच लिहा लागते." त्यानं कप ठेवला आणि लिहिलं, मोकळी जागा.

मी अर्ज केले, कचेरीच्या पायरीवर बसले, पत्रक काढून आठवडी बाजारात वाटलं. लोक घडी घालून खिशात ठेवत. एकानं त्यात भजी बांधून घेतली. आमची रस्त्याकडेची जागा पोहरादेवीच्या यात्रेच्या गाड्या उभ्या करायला कचेरीला हवीच होती, हे मला उशिरा कळलं.

बापाला फोनवर सांगितलं. आमच्या बोलीत त्यानं विचारलं, दार उपसून आणलं तर चालेल का. टोळी सोडून येता येणार नाही, पण कुणाबरोबर तरी पाठवतो. कोपीच्या दाराला फडकं लावून आई भागवेल.

मी नको म्हणाले. मोजणीचा साहेब केव्हाच निघून गेला होता.

उन्हाळा लागला, फड संपला, ट्रॅक्टर तांड्यावर परतू लागले. आमचा आला नाही. मी पुन्हा फोन केला तेव्हा आईनं उचलला. तिकडच्याच एका वीटभट्टीवर काम मिळालंय, कोपी तिथंच हलवलीय, असं म्हणाली. कधी येणार, मी विचारलं.

"कायले?" ती म्हणाली.