बशीभर मीठ

मुरबाडच्या आमच्या कारखान्यात विजेचे स्विच बनत. दमट हवेत ते टिकतात का, हे तपासायचं काम माझं आणि सर्टिफिकेटवर सहीही माझीच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेठनी त्यासाठी चेंबर घ्यायचं ठरवलं. चेंबर म्हणजे आत हवं तसं हवामान तयार करणारं कपाट. माल त्यात कोंडायचा आणि काय होतं ते बघायचं.

शेठना स्वस्तातलं हवं होतं. ते वाफ सोडून हवेतला ओलावा वाढवायचं, पण कमी करायची सोय त्यात नव्हती. आता मुरबाडच्या पावसाळ्यात ओलावा वाढवायला यंत्र कशाला हवं? खरी कसोटी तो खाली आणून एका आकड्यावर धरून ठेवण्याची. मी परोपरीने सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

विक्रेत्याने ट्रायलला यंत्र आणलं ते ऐन आषाढात. ओलावा साठ टक्क्यांवर लावला, आकड्याच्या काचेवर साठ दिसलाही. माझ्याकडे न बघता तो माझ्या हाताखालच्या माणसाला सगळं समजावत होता, त्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं. मी कँटीनमधून तव्यावर कोरडं केलेलं बशीभर मीठ आणून आत ठेवलं. साठला मीठ कोरडं राहतं, पंचाहत्तरच्या पुढे पाझरतं. संध्याकाळी दार उघडलं तर बशीत पाणी, आणि काचेवर अजूनही साठच; यंत्र ओलावा मोजत नव्हतं, लावलेला आकडाच दाखवत होतं.

"मॅडम, स्वयंपाकघर घरी ठेवा," शेठ हसून म्हणाले.

"शेठ, या यंत्राच्या एकाही सर्टिफिकेटवर मी सही करणार नाही."

सही करणारे पुष्कळ मिळतात, असं म्हणून त्यांनी तेच यंत्र घेतलं आणि माझं टेबल गोडाऊनमध्ये हलवलं. मी धुमसत शहापूरला घरी आले. लोकांची भातं लावून मला शिकवणाऱ्या आईला हे कसं सांगू, याची धास्ती होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नोकरी जायची तर जाव दे गो. खोट्या कागदावर आपला नाव नाय टाकायचा."

सही दुसऱ्याने केली. पाऊस सरताना किनारपट्टीवरून माल परत आला, आतल्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. शेठ स्वतः गोडाऊनमध्ये आले आणि कोणतं चेंबर घ्यायचं ते विचारू लागले.

मी म्हटलं, आधी माझं टेबल लॅबमध्ये जाऊ दे. त्यांनी हमालाला हाक मारली.

"हमाल नको. एक बाजू मी धरते, दुसरी तुम्ही धरा."

शेठनी धरली.