कंडक्टरची घागर

बेल वाजल्याशिवाय या जगात काहीही सुरू होता कामा नये, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. साडूभाऊंनी उभं आयुष्य हिंगोली ते गोरेगाव या रस्त्यावर एसटीचा लाल डबा चालवण्यात घालवलं. कंडक्टरनं दोरी ओढून डबल बेल दिली की गाडी हलवायची आणि एकदाच टिंग झालं की थांबवायची, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक. निवृत्त झाल्यावर ते त्यांनी घरात लागू केलं. ताट वाढलेलं असलं तरी ते अन्नाला हात लावत नाहीत. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती येऊन ताटाच्या काठावर पळी दोनदा वाजवते, मग हे घास उचलतात. एकदा पुरणपोळ्यांचा जरा अतिरेक होतोय असं पाहून अक्कानं पळी एकदाच वाजवली, तर हा माणूस तोंडाजवळ नेलेला घास ताटात ठेवून हात धुवायला उठला. स्वतःच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या, पंगती उठल्या, रडारड झाली, पण नवरदेवाची गाडी काही हलेना. सासरेबुवा, म्हणजे हेच, गाडीपुढं आडवे उभे. शेवटी ब्राह्मणानं पूजेतली घंटा दोनदा वाजवली तेव्हा पोरगी सासरी गेली.

त्यांची दुसरी खोड मडकी वाजवायची. आता बाजारात माठ घेताना बोटानं टिचकी मारून तो खणखणीत वाजतो का हे सगळेच पाहतात, त्यात नवल नाही. पण साडूभाऊ ज्याला त्याला वाजवतात. लोकांच्या ओट्यावरचा माठ, पाणपोईचा रांजण, देवळातल्या कुंड्या, काही म्हणजे काही सुटत नाही. गोरेगावच्या बायका माठ घ्यायला निघाल्या की यांना हाक मारून नेतात आणि हेही गव्हाची मळणी टाकून जातात. कान लावून, डोळे मिटून, बोटाच्या पेरानं ठोकणार आणि निकाल देणार, "घ्या. बराबर हाय." असा माणूस मडकी घडवायला शिकतो म्हटल्यावर काय होईल याचा अंदाज मला यायला हवा होता. तो आला नाही, हे माझं दुर्दैव.

झालं असं की मागच्या आषाढात त्यांचे कंडक्टर वारले. दोघांनी अर्ध्याहून अधिक नोकरी एकाच गाडीवर काढलेली. हे पुढं स्टिअरिंगवर आणि ते मागं दोरीला. कंडक्टर सडाफटिंग. बायको नाही, लेकरू नाही, भाऊबंद कधीच तुटलेले. फार वर्षांपूर्वी ऐन वैशाखात सेनगावच्या अलीकडं गाडी बंद पडली होती. प्रवासी पायी निघून गेले आणि हे दोघं बाभळीखाली पाण्याविना बसून राहिले. तेव्हा कंडक्टर म्हणाले होते, "मी मेल्यावर आखितीला माझी घागर कोन भरंल रे?" अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखितीला, गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून पुजतात. ते पाणी त्याला वर पोचतं. साडूभाऊ म्हणाले, "मी भरीन की." त्यावर कंडक्टर म्हणाले, "बाजारातली न्हाई चालायची. तुझ्या हातानं घडवून भरशील तरच मी पीन." आणि स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसले, कारण साडूभाऊंना चहाचा कपसुद्धा धड धरता येत नाही हे त्यांनी रोज पाहिलेलं. कंडक्टर गंमत करून मोकळे झाले. पण साडूभाऊंच्या लेखी कंडक्टरनं सांगितलं म्हणजे सांगितलं.

अक्कानं समजावलं. "आवो, ते काय आपल्या घरातले हायेत का? कुंभाराकडून आना घागर, भरा, झालं." साडूभाऊ म्हणाले, "इतकी वर्षं माझ्या पाठीशी तो हुबा होता. घरातलं कोन हुबं राह्यलं?" अक्का पळी आपटून आत गेली. पळी एकदाच आपटली होती, म्हणून साडूभाऊ संध्याकाळपर्यंत जागचे हलले नाहीत. गावच्या कुंभारानं यांना चाकाच्या आसपासही फिरकू दिलं नाही, यांच्या टिचकीचा त्याला आधीचा अनुभव होता. मग कुठून तरी त्यांना कळलं की पुण्याहून शिकून आलेल्या एका मुलीनं आमच्या हिंगोलीत, बंद पडलेल्या तेलघाण्याच्या शेडमध्ये, नवशिक्यांसाठी मातीकामाचा वर्ग काढलाय. लगेच मला फोन. "पावनं, तुमी बी नाव घाला. मला एकट्याला लाज वाटून राहिली." मी म्हणालो, मला मातीचं काय कळतं? तर म्हणाले, "मला तरी काय कळतंय? जोडीनं अडानी राहू." आणि असा मी दर रविवारी, धडधाकट सरकारी नोकरीतला माणूस, कोपरापर्यंत चिखल माखून बसायला लागलो.

साडूभाऊ गोरेगावहून जीपनं यायचे. ड्रायव्हरच्या शेजारी बसून सबंध रस्ता नसलेला ब्रेक दाबत यायचे, त्यामुळं पोचेपर्यंतच त्यांचे पाय भरून आलेले असायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विजेवर फिरणाऱ्या त्या चाकाला एक प्रदक्षिणा घातली, टायरला मारतात तशी लाथ मारून पाहिली, मग नमस्कार केला आणि बसले. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काका, पायाखाली पेडल आहे, हळूच दाबा." साडूभाऊ ढिम्म. मॅडमनी पुन्हा सांगितलं. मी कानात सांगितलं की यांना बेल लागते. मॅडम गोड मुलगी. त्यांनी पाण्याच्या भांड्यावर चमचा दोनदा वाजवला. त्याबरोबर साडूभाऊंनी डाव्या पायानं जमिनीवर नसलेला क्लच दाबला आणि उजव्या पायानं पेडल असं हाणलं की चाकावरचा मातीचा गोळा उठला तो थेट दातांच्या डॉक्टरांच्या चष्म्यावर बसला. हे डॉक्टर आमच्यासोबत फुलदाणी शिकायला यायचे. "चढ हाय म्हनून जरा जास्त दिलं," साडूभाऊ म्हणाले. कुठला चढ, हे त्यांनी सांगितलं नाही.

एकदा मध्येच वीज गेली. आम्ही सगळे हात धुऊन चहाला बाहेर पडलो. परत येऊन पाहतो तर साडूभाऊंनी चाकाच्या पुढं मागं दगड लावलेले, लिंबाची फांदी तोडून मागच्या बाजूला आडवी टाकलेली आणि स्वतः उकिडवे बसून खालून निरखतायत. "काय करताय?" मॅडमनी विचारलं. "काई तकलीफ न्हाई. पावनं, पॅशिंजर उतरवून घ्या, टाइम लागंल." वीज आली तरी त्यांनी ती फांदी काढू दिली नाही. पुढचा कितीतरी काळ ती तिथंच वाळत होती.

खरा प्रलय टिचकीनं केला. ओलं भांडं आधी सावलीत वाळवायचं, मग भट्टीत भाजायचं. तोवर ते नुसतं मातीचंच असतं. पण फळीवर ओळीनं ठेवलेली भांडी दिसली की साडूभाऊंचा हात राहायचा कसा? सुरुवातीच्याच एका रविवारी त्यांनी सगळ्या वर्गाची भांडी वाजवून काढली. प्रत्येकात बोट आरपार. डॉक्टरांची फुलदाणी, एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या सुनेच्या बरण्या, माझा कप, सगळं. वर तक्रार अशी की "एक बी वाजत न्हाई. माल कच्चा हाय." मॅडम रडवेल्या होऊन म्हणाल्या, "कच्चाच आहे काका, भाजायचाय अजून." साडूभाऊ खजील झाले, सगळ्यांची हात जोडून माफी मागितली आणि निघताना सवयीनं मॅडमच्या नमुन्याच्या सुरईला टिचकी मारली. पुढच्या रविवारी फळ्या छताजवळ गेल्या होत्या. खाली पाटी होती, 'काकांना वर चढू देऊ नये.'

आम्ही पणत्या करायला लागलो, वाट्या करायला लागलो. साडूभाऊ मात्र पहिल्या दिवसापासून घागरीवरच. मॅडम सांगून दमल्या की घागर नवशिक्याला जमत नाही, त्याला वर्षं लागतात. "वर्षं कुठून आनू? आखिती तर येऊन राहिली," ते म्हणायचे आणि पुन्हा गोळा चाकावर आपटायचे. पोट निघायचं, पण गळ्यापाशी आलं की सगळं फाकायचं आणि घागरीची परात व्हायची. घरी ज्वारीच्या पिठावर सराव सुरू झाला. मी एकदा मुक्कामाला गेलो तर अक्कानं मला चारी बाजूंनी उभा काठ असलेली भाकरी वाढली. "खावा पावनं, आमटी वतायला बरी पडती," ती म्हणाली. हसत होती, पण मग हळू आवाजात म्हणाली, "रातभर झोप न्हाई वो त्यांना. म्हनतात, तो वर तहानेला बसला असंल." तोवर मला ही सगळी मजाच वाटत होती.

होळी होऊन गेली, ऊन तापलं, तरी परातच. एका रविवारी साडूभाऊ चाकावरून उठले आणि मातीच्या पिंपावर जाऊन बसले. चमचा वाजवला तरी हलले नाहीत. तेव्हा मॅडम त्यांच्यापुढं जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, चाक सोडून देऊ. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकावर एक गोल रचायच्या आणि बोटांनी सांधत जायचं. फार जुनी पद्धत आहे." साडूभाऊंनी अविश्वासानं पाहिलं. "चाकाबिगर? म्हंजी पायी जायचं?" "पायी जायचं," मॅडम म्हणाल्या. ते पिंपावरून उठले. "चला मग. गाडी बंद पडली तर मानूस पायीच जातो." आणि माझ्या साडूनं, ज्याला साधी चपाती गुंडाळता येत नाही त्यानं, वळीवर वळी रचत घागर उभी केली. वेडीवाकडी, एका खांद्यानं उतरलेली, डावीकडं चांगलीच झुकलेली. मॅडम सरळ करायला लागल्या तर त्यांनी हात धरला. "ऱ्हाऊ द्या. आमची गाडी बी अशीच डावीकडं झुकायची."

आता धोका एकच होता, तो म्हणजे खुद्द घागरीचा बाप. यावर डॉक्टरांनी उपाय काढला. त्यांनी साडूभाऊंच्या उजव्या हाताच्या बोटांना जाडजूड पट्टी बांधली आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, भट्टीतून माल निघेपर्यंत सोडायची नाही. दातांच्या डॉक्टरनं बोटं बांधली यात साडूभाऊंना काहीच वावगं वाटलं नाही. घागर भाजून निघाली. एका बाजूनं काळवंडलेली, पण अखंड. जीपमधून ती मांडीवर घेऊन ते गोरेगावला निघाले, मी सोबत होतो. प्रत्येक गतिरोधकाला ते ओरडायचे, "हळू! आत मानूस हाय!" शेजारची बाई घाबरून सरकून बसली.

आखितीच्या सकाळी अक्कानं गव्हाची रास केली, तिच्यावर घागर टेकवली. साडूभाऊ सोवळं नेसून आले, बोटांना अजून तीच पट्टी, आता पार मळकी. मी म्हटलं, आता सोडा की. म्हणाले, "भरवसा न्हाई हाताचा." मग त्यांनी डाव्या हातानं तांब्या तांब्या पाणी ओतलं. आम्ही सगळे वाकून खाली पाहत होतो. गहू जरासे ओलावले. साडूभाऊंचा चेहरा पडला. "गळून राहिली," ते म्हणाले. अक्का पुढं आली, बुडाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "गळत न्हाई वो. पाझरली नुसती. नवी घागर पाझरनारच." खरंच, पाणी काठाशी होतं तिथंच राहिलं. वर आंबा ठेवला, फूल वाहिलं, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य झाला. साडूभाऊ हात जोडून बसले ते बसलेच.

पानं वाढली, आमरस कोमट व्हायला आला, नातवंडं कुरकुरायला लागली. अक्का म्हणाली, "उठा की आता." ते म्हणाले, "बेल न्हाई झाली." अक्का पळी आणायला वळली, तर त्यांनी मान हलवली. त्यांना हवी होती ती बेल पळीची नव्हे. ती कुणाची, हे अक्कालाही कळलं आणि ती दाराशीच थांबली. या माणसाला जन्मभर कुणीतरी मागून सांगितलं होतं, चला, सगळे चढले, आता निघा. आता कोण सांगणार? मी त्यांच्या मागंच उभा होतो. काय झालं मला माहीत नाही, पण मी त्यांच्या खांद्यावरून वाकलो, हात पुढं केला आणि बोटाच्या पेरानं त्या घागरीला दोनदा वाजवलं. भरल्या घागरीचा आवाज तो, जड आणि खोल. घागरीला काही झालं नाही.

साडूभाऊंनी डाव्या पायानं नसलेला क्लच दाबला. मग गाडी काढायच्या आधी बघायचे तसं त्यांनी मान वळवून मागं पाहिलं. मागं मी होतो. बराच वेळ ते माझ्याकडं बघत राहिले, मग "बराबर," एवढंच म्हणाले आणि उठले.