ज्या उंदरांत ते प्रथिन नव्हतं

"रंग आला म्हणजे खरं झालं का रे?" मायक्रोस्कोपवरून डोळा न उचलता बाई विचारायच्या, आणि आपला उत्साह जागच्या जागी थंड व्हायचा.

मुलुंडच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या सगळ्यांत वरिष्ठ. हापूसची पेटी आली की आधी खालच्या थरातला आंबा काढायच्या. "वरचे चांगलेच असतात." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आम्ही उंदरांच्या मेंदूच्या पातळ कापांवर अँटिबॉडी सोडायचो. तिनं एक ठरावीक प्रथिन शोधून त्याला चिकटायचं. चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटायचा. पण ती भलत्यालाच चिकटली तरी रंग तसाच उमटतो, ही खरी गोची. बाईंचं नाव झालं होतं ते अशाच एका अँटिबॉडीवर बेतलेल्या पेपरमुळे.

बऱ्याच वर्षांनी आम्हाला असे उंदीर मिळाले, ज्यांच्या शरीरात ते प्रथिन तयारच होत नाही. त्यांच्या मेंदूत रंग यायलाच नको. बाईंनी पहिल्यांदा स्वतःचीच अँटिबॉडी तपासायला घेतली.

काप तपकिरी झाला.

"बाटली खराब असेल," मी म्हणालो.

"दुसरी काढ."

तिचीही तीच गत. बाईंनी दोन्ही काप पुन्हा एकदा मायक्रोस्कोपखाली पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "वाट लागली. पेपर मागे घ्यायला हवा."

संचालकांनी समजावलं, "निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलंय, मॅडम. आता कोण बघतंय?"

"कोणीतरी यावर विसंबून काम करत असेल ना."

पेपर मागे घेतला. हळूहळू परिषदांची बोलावणी थांबली. बाई डबा अर्धा तसाच घरी न्यायला लागल्या.

एका दुपारी जेवताना त्यांना फोन आला. "नाही गं," त्या म्हणत होत्या, "तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. चूक माझ्याकडची होती." फोन ठेवून मला म्हणाल्या, "नागपूरची पोरगी. माझ्यासारखा निकाल येईना, म्हणून पीएचडी सोडायला निघाली होती." मग त्यांनी डबा संपवला, आणि माझ्या डब्यातली भाजीही घेतली.

निरोप समारंभाला ती मुलगी नागपूरहून आली. भाषणं झाली, केक आला, पण बाई जागेवर नव्हत्या. कॅन्टीनच्या कोपऱ्यात त्या मुलीचा लॅपटॉप पुढ्यात ओढून घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, तिचं काम ऐकत बसल्या होत्या.

आम्ही केक घेऊन दाराशी थांबलो. कोणीच हाक मारली नाही.