बोनकोड्याच्या अंगणात पुरलेली माझी कातडी

भूतखेत, करणी, उतारे... या सगळ्याची मी जन्मभर टिंगल केली. थापा मारण्यात अख्ख्या कोपरखैरण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हेही कबूल. पण ही थाप नाही.

मी एवढा जाडा होतो की मला लांबून बघूनच रिक्षावाले गिअर टाकून पळायचे. पोटाचं ऑपरेशन केलं, निम्मा उतरलो, आणि छातीवर-दंडांवर कातडी अशी लोंबायला लागली की नुसत्या बनियनवर बसायलाही लाज वाटायची! शेवटी प्लास्टिक सर्जरी. जादा कातडी कापून टाकायची.

आई आडवी आली. "पोराचा आंग हाय तो, कचऱ्यान नाय टाकाचा. नाळ पुरली तितंच पुरीन."

हॉस्पिटलवाले देईनात. तिने वॉर्डात असा सूर लावला की कोणीतरी गुपचूप डबा तिच्या हातात ठेवला. बोनकोडे गावातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात तिने तो पुरला.

पुढे घणसोलीच्या फ्लॅटवर पडलेलो असताना छाती एकदम भाजली. मी किंचाळलोच! बायकोने आईला फोन लावला.

"काय नाय गो, आताच भाताची पेज ओतली अंगनान."

"आई, तिथं हात ठेव," मी म्हणालो. ठेवला... आणि माझ्या छातीवर तिचा खरखरीत पंजा टेकला.

डॉक्टर हसले. "नसा कापल्यात, असे भास होतात."

भास तर भास. पण ते घर मीच सही करून बिल्डरला दिलेलं. पायासाठी खोल भोकं पाडणारं पायलिंगचं मशीन यायच्या आधी सगळं अंगण उकरलं — कातडीची चिंधीसुद्धा सापडली नाही. माझी फाटलेली.

"तू येव नको," आई म्हणाली. "मी हाय ना."

ती आणि बायको शेजाऱ्यांच्या ओटीवर बसल्या. मी फ्लॅटवर, दातांत टॉवेल, कानाला फोन.

"अहो, सुरू झालं. काय होतंय?"

काहीच नाही! मी टॉवेल थुंकला. "अगं, डास चावला तर जास्त कळतं!" मी खो-खो हसलो. पलीकडून फक्त मशीनचा आवाज. मग ती म्हणाली,

"अहो... आई."

डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहिलं. वय होतं, मीही मान डोलावली. पण शेवटची अंघोळ घालताना बायकोने पोलक्याची बटणं काढली, तर आत पायलिंगला खालून निघतो तसा खाडीचा काळा, ओला चिखल... मूठ-मूठभर. साडी मात्र कोरडी. आणि त्या ओटीला लादी आहे, आई तिथून उठलीच नव्हती.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. बिल्डिंग उभी राहिली, आम्हाला फ्लॅट मिळाला. खाली अंगणाच्या जागी झालेल्या पार्किंगमधून जाताना मी चपला हातात घेतो. वॉचमन हसतो. हसू दे.