बांगडीच्या मापाचा पाना: पाचोडच्या बाजाराची एक फेरी

पार्सलनं आलेला माल: ग्रीसची डबी, साठ रुपये. हूक पाना, म्हणजे गोल नटाच्या खाचेत आकडा अडकवून फिरवायचा तो, चारशे वीस. पैकी पाना परत पाठवला. तो ट्रकच्या कामाचा निघाला. आमच्या मोटारसायकलच्या नटाभोवती तो थोरल्या भावाच्या शर्टासारखा ढिला फिरत होता.

आमच्या गाडीचा कोनसेट, म्हणजे ज्या बेअरिंगवर हँडल फिरतं तो, सैल झाला होता. पुढचा ब्रेक दाबला की खट्ट. पुंडलिकनगरात दोन गॅरेजवाल्यांना दाखवली, तर दोघांनीही छिन्नी-हातोडा काढला. आमच्या ह्यांनी गाडी तशीच माघारी वळवली, कारण मागच्या खेपेला छिन्नीनंच ते बेअरिंग आवळणाऱ्या गोल नटाची एक खाच खाल्ली होती. इकडं आमच्या महेशनं गाडीचा फोटो मोबाईलवर विकायलासुद्धा टाकला. खटखट थांबली तर जाहिरात काढतो, नाहीतर कन्नडला मावशीकडं एसटीनं जा, असं मुलानं आईबापाला बजावलं. आणि मी तर वर्षभर मनात धरलेलं, की बहिणीच्या दारात ह्याच गाडीवरून उतरायचं.

पाचोडच्या बाजारात जुनी अवजारं मिळतात, असं ह्यांना कुणीतरी सांगितलं. आता जायचं कुणी? एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट. प्रश्न तिथंच मिटला.

"अगं, पण तुला माप कसं कळणार?" ह्यांनी विचारलं.

हँडलची वरची पट्टी काढून ह्यांनी नट उघडा ठेवलेलाच होता. नातीची प्लास्टिकची बांगडी आणून त्यावर घातली. अशी चपखल बसली की मलाच हसू फुटलं. देवापुढं हात जोडले, बांगडी पदराच्या गाठीत बांधली आणि भाकरी-ठेचा घेऊन निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते: बीडकडं जाणारी कुठलीही गाडी चालते, पण पाचोड फाट्याला थांबते का ते आधी कंडक्टरला विचारा. रस्ता गुळगुळीत आहे. आडूळ मागं पडलं की मोसंबीच्या बागा लागतात. मला खिडकी मिळाली होती. एकटी, पिशवी हलकी आणि काम असलं! शाळेची सहल निघाल्यासारखं वाटत होतं.

बाजारात मिरच्यांनी शिंका, मग कापड, मग भांडी. पार टोकाला, शेळ्यांच्या अलीकडं, गोणपाटावर पाने मांडून एक म्हातारे बाबा बसलेले. मी गाठ सोडून बांगडी काढली.

"मावशी, बांगड्यावाली तिकडं हाय."

"मला पाना पाहिजे. ह्या बांगडीला बसणारा."

बाबांनी बांगडी बोटावर फिरवली. शेजारचा दोरखंडवाला पुढं सरकला. पहिला पाना मोठा. दुसऱ्याचा आकडा वाकडा. तिसऱ्यानं बांगडीला अशी मिठी मारली की दोरखंडवाला म्हणाला, "लगीन लावा आता दोघांचं."

"मालक मिस्त्री हायती का? ते का नाय आले?" बाबांनी विचारलं.

"नाही. त्यांना पूर्ण तिकीट पडतं."

बाबा एवढे हसले की दीडशेचा भाव शंभरावर आला. मी ऐंशी म्हटलं, पण त्यावर ते नाय म्हणाले. शंभर दिले. वेशीजवळच्या मारुतीच्या पायाशी पाना टेकवला, पारावर बसून भाकरी खाल्ली, दहा रुपयांचा चहा घेतला आणि परतीची गाडी धरली.

घरी ह्यांनी जुनं ग्रीस पुसून नवं भरलं आणि पाना लावला. बसला! आधी जरा जास्तच आवळलं, हँडल जात्यासारखं जड झालं. मग चिमूटभर सैल केलं. पुढचं चाक उचललं की हँडल आपल्या वजनानं अलगद दोन्हीकडं झुकायला लागलं. महेश गाडी घेऊन चक्कर मारायला गेला. मी दारातच उभी, नामस्मरण चालू. बराच वेळ आला नाही. आला तो थेट मोबाईल काढत.

"आई, जाहिरात काढली. पण वाटेतल्या घाटात हळू चालवायला सांग बाबांना."

संध्याकाळी दिवा लावताना ग्रीसची डबी धरून बसलेल्या माझ्या हाताला साबणानं धुऊनही तिचा वास येत होता. देवाला चालला असावा. मला तर फारच आवडला.

आता कन्नड नक्की, आणि बहिणीला भेटून कन्नडपुढच्या घाटाच्या तोंडापर्यंतही जायचं ठरलंय. तिकडच्या वाचकांनी रस्ता कसा आहे, खड्डे कुठं आहेत आणि साडी नेसून मागं बसणारीला उतरून पाय मोकळे करता येतील अशी जागा कुठं आहे, ते कृपया उलट टपाली कळवावं.