गुगलला चष्मा नाय का?

वेबसाइट बनवणाऱ्यांकडं किस्से साठतात ते जुन्या चार्जरसारखे. कुठला कोणत्या फोनचा, आठवत नाही. उपयोग काडीचा नाही, पण ड्रॉवर उघडला की सगळे एकात एक गुंतून बाहेर येतात. माझा ड्रॉवर आता बंदच होत नाही. आमचं ऑफिस गारखेड्यात, ग्रिल-वेल्डिंगच्या दुकानावर. मी आणि इरफानभाई, दोघंच. क्लायंटशी बोलणं माझ्याकडं, कोडिंग त्याच्याकडं, डोकेदुखी समान वाटून. खाली कटर सुरू झाला की उलट बरं वाटतं. तेवढा वेळ फोन ऐकू येत नाही.

यातले निम्मे चार्जर एकाच माणसाचे. भाऊसाहेब! मूळचे पिशोरचे. शहराबाहेर हायवेला त्यांचं लॉन आहे, म्हणजे लग्नाचं कार्यालय. शेजारी नवं झगमगीत लॉन झालं आणि यांच्या तारखा रिकाम्या राहायला लागल्या. पोरगा मागं लागला, "पप्पा, लॉन मोडा, प्लॉट पाडू." पठ्ठ्यानं प्लॉट विक्रीचा फ्लेक्सही छापून ठेवला होता. भाऊसाहेब माझ्यासमोर बसले, चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, ह्या लग्नसराईत बुकिंग आली नाय, तर तो फ्लेक्स गेटवर चढतोय. हातानं बांधलंय मी ते लॉन. गुगलमधी एक नंबरला आणा, बास!"

सगळ्यांना एक नंबरच पाहिजे असतो. पाचवा आलो तरी चालेल म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

*

त्यांची जुनी साइट उघडली. फ्लेक्स! अक्षरशः फ्लेक्स! भाच्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान, त्यानं गेटवरचं डिझाइन जसंच्या तसं चढवलेलं. फेटा बांधलेले भाऊसाहेब, खाली शुभेच्छुकांची रांग, पत्ता, फोन नंबर, सगळं एकाच फोटोत. इरफानभाईनं बघितलं आणि लॅपटॉप जरा लांब सरकवला.

"मॅडम, ये साइट नै, चौक है."

भाऊसाहेबांना समजावणं आलं माझ्याकडं. म्हटलं, "तुमची सगळी अक्षरं फोटोच्या आत आहेत. गुगल मजकूर वाचतो. फोटोतलं त्याला धड दिसत नाही."

"दिसत नाय?"

"नाही ना."

ते स्क्रीनवर वाकून बघायला लागले. मग खरंच काळजीनं म्हणाले, "एवढी मोठी कंपनी, अन् चष्मा नाय?"

*

मजकूर वेगळा टाइप केला. नाव, पत्ता, पार्किंग, जेवणाची सोय, सगळ्याला नीट मथळे दिले. पण शुभेच्छुकांचे फोटो काही काढू देईनात. "साडू रुसतंय मॅडम. त्याचा फोटो काढला तर आमच्या घरात स्वयंपाक होणार नाय." साडू राहिले. साइट उघडायला वेळ लागायचा तो साडूंमुळं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

*

मग सनई. साइट उघडली रे उघडली की सनई वाजायची, तीही फुल्ल आवाजात. मी म्हटलं, लोक दचकतात, लगेच बंद करून निघून जातात. शिवाय ज्यांना दिसत नाही, म्हणून ज्यांचा फोन मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो, त्यांना सनईपुढं ऐकू काय येणार? भाऊसाहेब ऐकायलाच तयार नाहीत. "लग्नाच्या साइटवर सनई नाय तर काय भोंगा लावायचा?"

पुढच्याच आठवड्यात ते एका दहाव्याला गेले. तिथं कुणीतरी सहज फोनवर यांची साइट उघडली. गुरुजी मंत्र म्हणतायत, बायका रडतायत, आणि मधूनच सनई! बंद करायचं बटण सापडेना. सापडणार कसं, ते साडूच्या फोटोखाली होतं!

"अरे देवा! मग काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार? सगळे माझ्याकडंच बघायले." मग जरा आवाज खाली घेऊन म्हणाले, "पण एकानं तारीख विचारली."

सनई काढली, तारीख विचारणारा परत आला नाही. त्याबद्दल भाऊसाहेब अजून मला बोलतात.

*

फोन नंबरचं वेगळंच. क्रीम कलरवर सोनेरी अक्षरं, तीही बारीक. म्हणे रॉयल दिसतं. काळा करा म्हटलं, तर म्हणाले, "लगीन करणारं पोरगं तरणं असतंय. त्याला दिसतंय."

काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी फोन हातभर लांब धरला, मग जवळ धरला, मग खिडकीकडं नेला. "अहो, पोरगं तरणं असतंय. पण फोन त्याचा बाप लावतो ना?"

नंबर काळा झाला, मोठा झाला. या एकाच मीटिंगमध्ये मला काही बोलावं लागलं नाही.

*

सगळ्यात जास्त थकवलं ते फोटोंच्या वर्णनानं. प्रत्येक फोटोमागं एक ओळ लिहायची असते, त्यात काय आहे ते. ज्यांना दिसत नाही, त्यांचा फोन ती ओळ मोठ्यानं वाचतो. गुगलही तीच वाचतो. म्हणजे एकाची सोय केली की दुसऱ्याची आपोआप होते. गुगलमध्ये वर यायचं म्हणून लोक एसईओ, एसईओ करत कान खातात, त्यातला बराचसा भाग इतका साधा आहे! भाऊसाहेबांना म्हटलं, लॉन तुमचं, ओळी तुम्हीच सांगा.

"फोटो दिसतोय ना? मग सांगायचं काय त्यात?"

"ज्यांना दिसत नाही त्यांना सांगायचं."

"ज्याला दिसत नाय, तो हॉल बघायला येईल कशाला?"

दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर ओळी आल्या. स्टेज: भव्य दिव्य. जेवणाचा हॉल: भव्य दिव्य. पार्किंग: भव्य दिव्य. बाथरूमलाही तेच! इरफानभाई म्हणाला, "मॅडम, बाथरूम का तो जाके देखना पडेगा." शेवटी आम्ही दोघं खरंच गेलो आणि ओळी मी लिहिल्या. स्टेजला उजवीकडून उतार आहे, पायऱ्या नाहीत. जेवणाचा हॉल खालीच आहे. भाऊसाहेब वाचून नाराज झाले. म्हणाले, "लई साधं लिवलं मॅडम. ह्यानं कोण येतंय?"

तिकडं पोरगा फ्लेक्स चढवायला गेटची मापं घेत होता.

*

पहिला फोन आला तो काशिनाथरावांचा. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता रिटायर. मूळ गाव देवगाव रंगारी. जन्मापासून दृष्टी नाही. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा घरात ठणकावून सांगितलं होतं म्हणे, "हॉल मीच बघणार!" आणि फोन कानाला लावून शहरातली एकेक साइट बघत बसले.

लेकीचा हात धरून ते लॉनवर आले, जयभीम घातला, स्टेजच्या उतारावरून स्वतः चढून उतरून आले. भाऊसाहेबांनी विचारलं, "आमचंच कसं काय निवडलं?"

"बाकीच्या साइटी नुसत्या 'इमेज, इमेज' करायल्या. तुमची तेवढी बोलली."

भाऊसाहेबांनी मला लगेच फोन लावला. "मॅडम, बोलली म्हणतेत!"

लग्नाला आम्हालाही बोलावणं होतं. मागच्या बाजूनं गेलो, तर प्लॉट विक्रीचा फ्लेक्स आचाऱ्यानं उलटा अंथरला होता आणि त्यावर कांदे. पोरगा गेटवर गाड्या लावून घेत होता.

गेटवर स्वागताचा फ्लेक्स होताच. तो नसेल तर ते भाऊसाहेबांचं लॉन कसलं! काशिनाथराव आले, तसं भाऊसाहेबांनी त्यांचा हात धरून त्यांना फ्लेक्ससमोर उभं केलं आणि मोठ्यानं सुरू झाले.

"वर लिवलंय, मंगल परिणय. अक्षरं निळी. खाली कोपऱ्यात मी. फेटा बांधलाय. पोट जरा पुढं आलंय."

"अन् मधी?" काशिनाथरावांनी विचारलं.

भाऊसाहेब फ्लेक्सच्या आणखी जवळ सरकले. इरफानभाईनं माझ्याकडं बघितलं. आता म्हणणार, भव्य दिव्य!

"मधी तुमची पोरगी. पांढरी साडी. केसात मोगरा. हसत नाय ती. हसू दाबून धरलंय. पण डाव्या गालाला खळी पडली ना, तिथनं फुटतंय बघा."

मागं गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. काशिनाथरावांनी भाऊसाहेबांचा हात घट्ट धरला.

"तेवढं परत वाचा."